पाव इंच सावली

रिठदात नानाजींसारखं ठासून बसणारा माणूस दुसरा नव्हता. पाच एकरांचा वांग्या-मिरच्यांचा मळा, विहिरीला बारमाही पाणी आणि वाशीमच्या बाजारात त्यांच्या भाजीच्या गाडीची वाट पाहणारी गिऱ्हाइकं. तेव्हा चार माणसांत बोलायचा हक्क त्यांना होताच. बोलायची त्यांची एक रीत होती. अर्धा मुद्दा उभ्यानं मांडायचा, मग धोतर सावरून, अंगाचा सगळा भार टाकून खाली बसायचं आणि त्या बसण्यातच मुद्दा संपवायचा. नानाजी बसले की आता वाद उरला नाही, असं समोरच्यानं समजून घ्यायचं.

१९३६ सालच्या दिवाळीच्या तोंडावर ते असेच एका दुपारी मळ्यातून घरी आले. ओसरीवर त्यांच्या बायको तुळसाबाई वाकळ शिवत बसल्या होत्या. वाशीमला दिलेल्या लेकीला, अंजनाला, पाचवा महिना लागला होता. येणाऱ्या लेकरासाठी ती वाकळ होती. लेकीचा विषय निघाला की नानाजींना जावई आठवत, आणि जावई आठवले की त्यांच्या डोक्यात तिडीक जाई. जावई बबनराव वाशीमच्या शाळेत गणिताचे मास्तर होते.

"शेतीवाडीवाला पाह्य म्हनत होतो," नानाजी उभ्यानं म्हणाले. "तुमी मायलेकींनी मास्तर पाह्यला. दिवसभर फळ्यावर तिकोन काढते तो मानूस. त्या तिकोनानं एक तरी वांगं उगवते काय?"

इथे मुद्दा संपत होता. म्हणून ते बसले.

आणि बसल्या क्षणी उठले. तुळसाबाईंच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याला इतक्या झटक्यात उठताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाकळ उचलून झटकली. दोऱ्याच्या टोकाला सुई लोंबत होती, पण अर्धीच.

"नवी होती वो," त्या हळहळल्या. "परवाच आनली होती."

"मी इकडं मरून राह्यलो अन् तुले सुईचं पडलं?"

"मरता कायले? पाहू द्या."

पाहू देण्याजोगी ती जागा नव्हती, निदान भर दुपारी ओसरीवर तरी नव्हती. आत जाऊन, दार लावून तुळसाबाईंनी पाहिलं. उजव्या कुल्ल्यावर रक्ताचा एक थेंब होता, बाकी काही नाही. सुईचा दुसरा अर्धा आत गेला होता आणि जाताना दार ओढून घेतल्यासारखा दिसेनासा झाला होता.

नानाजींनी बायकोकडून वचन घेतलं, की ही गोष्ट या घराबाहेर जाणार नाही. गावात त्यांनी कंबर धरली असं सांगितलं. रामीबाई नावाची म्हातारी लेप लावायची, तिनं कंबरेला आठ दिवस लेप लावला. कंबर चांगली टवटवीत झाली. सुई होती तिथेच राहिली, आणि नानाजींना बसता येईना. डाव्या अंगावर रेलून बसावं, तर माणसं विचारत. उभं राहून बोलावं, तर मुद्दा संपत नसे. पारावर त्यांनी दोन वाद केवळ बसता न आल्यामुळे गमावले.

त्यांनी आणखी काही दिवस रेटून नेले असते. पण शेजारच्या मळ्यातला चंपत एक दिवस सहज म्हणाला, की त्याच्या मामाच्या गावी एकाच्या टाचेत सुई गेली होती आणि ती चालत चालत दीड वर्षानं कानाजवळून निघाली. नानाजींनी त्याला अगदी वरवर विचारावं तसं विचारलं, की मधे रस्त्यात काळीज लागते काय. चंपत विचार करून म्हणाला, की लागत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी जुंपली. नानाजी तिच्यात पालथे पडले, वर तुळसाबाईंनी ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या रचल्या, आणि रिठदची माणसं तुळसाबाईंना विचारत राहिली, की नानाजी गाडी सोडून कुठे गेले.

अकोल्याला आरपारचा फोटो काढणारं यंत्र आलं आहे, एवढं नानाजींनी ऐकलं होतं. पण अकोल्याची गाडी धरायची तर वाशीमला उतरणं आलं, आणि वाशीमला उतरायचं तर लेकीचं घर सोडून दुसरीकडे उतरणं शोभलं नसतं. अंजनानं वडलांसाठी खुर्ची पुढे केली. बबनरावांनी ती खास सासऱ्यांसाठी घेतली होती.

"मले उभं राह्यनंच बरं वाटते," नानाजी म्हणाले.

बबनराव हा लुकडा, चष्मेवाला, हळू बोलणारा माणूस. शाळेतलं मराठी ते घरीही बोलत, याचाही नानाजींना राग होता. त्यांनी सासऱ्यांना काही विचारलं नाही. पण जेवणं झाल्यावर ते सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "मामी, मामाजी आल्यापासून तीनदा बोलायला लागले आणि तिन्ही वेळा मधेच थांबले. त्यांना बसायला काही त्रास होतो का?"

तुळसाबाईंनी वचन दिलं होतं घराबाहेर न सांगण्याचं. लेकीचं घर हे घरच, असा त्यांनी विचार केला आणि सगळं सांगितलं. बबनराव हसले नाहीत. ते फक्त चष्मा पुसायला अंगणात गेले आणि बराच वेळ पुसत राहिले. परत आले ते रजेचा अर्ज लिहूनच.

सकाळच्या गाडीत जागा भरपूर होती आणि तेच वाईट होतं. नानाजी खिडकीचा गज धरून उभे. जो तो सरकून जागा करी. जऊळक्याला भाऊसिंग नावाचे ओळखीचे कापसाचे व्यापारी चढले, आणि ते तर हात धरून बसवायलाच निघाले.

"नानाजी, आमच्याशेजारी बसायले काय हरकत हाय? काई राग हाय काय?"

नानाजींच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात बबनराव म्हणाले, "मामाजींना बाहेरचं पीक पाहायचं आहे. बसलं की नीट दिसत नाही."

त्यामुळे नानाजी वाचले, पण अकोल्यापर्यंत त्यांना दर शेताबद्दल काहीतरी बोलावं लागलं. रुळाजवळच्या बाभळी भराभर मागे पळत होत्या, शेतामधला लिंब जरा सावकाश सरकत होता आणि लांबची टेकडी जागची हलत नव्हती. जावयानं आपली अब्रू झाकली, हे नानाजींच्या लक्षात आलं होतं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

ते यंत्र ज्यांच्या दवाखान्यात होतं ते डॉक्टर मदनसिंग हे पन्नाशीचे, मोठ्या मिशांचे, मोकळे गृहस्थ. पहिल्या मोठ्या लढाईत ते इराकातल्या बसऱ्याच्या फौजी इस्पितळात होते. मागच्या अंगणात तेलाचं इंजिन ठेवलं होतं. ते धकधक सुरू झालं की आतल्या खोलीत वीज येई आणि टेबलावरच्या दांडीला अडकवलेला काचेचा मोठा गोळा जागा होई. त्या गोळ्यातून निघणारा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण माणसातून पार जातो आणि खाली ठेवलेल्या काचेवर हाडाची सावली पडते, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग नानाजींना टेबलावर उताणं निजवलं, दुखऱ्या जागेखाली फोटोची काच सरकवली आणि श्वास धरायला सांगितला. नानाजींनी इंजिन बंद होईपर्यंत धरला.

तासाभरानं डॉक्टरांनी धुतलेली काच खिडकीशी धरली. ढगासारखं धुरकट काहीतरी, त्यात कंबरेच्या हाडाची कड, आणि एका बाजूला बारीक, सरळ, स्वच्छ रेघ.

"हीच वो," तुळसाबाई ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या म्हणाल्या.

"मंग काढा ना," नानाजी म्हणाले. "दिसून तर राह्यली."

डॉक्टरांनी मिशीवरून हात फिरवला. "दिसते, पण चपटी दिसते. सावली हाय ही. कुठं हाय ते कळते, किती खोल हाय ते कळत नाई. सुई चामडीखाली असो की हाडापाशी, सावली सारखीच. अन् नानाजी, माफ करा, पन तुमच्या त्या ठिकानी शोधायले जागा लय हाय."

"मंग लढाईत गोळ्या कशा काढत होते?"

"हिशेब होता त्याचा. हा काचेचा गोळा जरा सरकवून दुसरा फोटो घ्यायचा, सावली किती सरकली ते मोजायचं. त्यावरून खोली सांगनारा तक्ता होता. हिशेब एक कप्तान करे, आमी चिरत होतो. तक्ता मी येताना घेऊन आलो." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे चौकट होती, चौकटीत काच होती आणि काचेमागे वाळवीनं ठेवलेल्या दोन-चार ओळी होत्या. "आता अंदाजानं काढतो. कधी लवकर सापडते, कधी उशिरा."

आपल्या बाबतीत ती उशिरा सापडली तर काय होईल, हे नानाजींच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. बबनराव त्या चौकटीपाशी जाऊन उरलेल्या ओळी वाचत होते. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून नानाजींना धसका बसला. असा चेहरा त्यांनी फक्त वाढप्याची वाट पाहणाऱ्या माणसाचा पाहिला होता.

"डॉक्टरसाहेब," बबनराव म्हणाले, "गोळा काचेपासून किती उंच आहे?"

"पंचवीस इंच."

"आणि सरकवता किती येतो?"

"पाहिजे तितका."

"सहा इंच सरकवा. त्याच काचेवर दोन्ही वेळा फोटो घ्या. आणि मामाजींनी मधे बिलकुल हलायचं नाही."

पुन्हा इंजिन धकधकलं. या खेपेला काचेवर दोन रेघा आल्या, एकीशेजारी एक. बबनरावांनी खिशातून परकार काढला. माणूस दवाखान्यात परकार घेऊन येतो, हे पाहून नानाजींनी बायकोकडे पाहिलं; तुळसाबाईंनी दुसरीकडे पाहिलं. दोन रेघांच्या टोकांमधलं अंतर भरलं बरोबर पाव इंच.

"मामाजी, आता पाहा," म्हणत बबनरावांनी कागदावर रेघा ओढायला सुरुवात केली. वर सहा इंचाची आडवी रेघ, खाली पाव इंचाची, आणि दोन्हींची टोकं जोडणाऱ्या दोन तिरप्या रेघा मधे एका ठिकाणी एकमेकींना छेदून गेलेल्या. वर मोठा त्रिकोण, खाली इवलासा.

"आला तिकोन," नानाजी पुटपुटले.

"जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे सुई. वरचा त्रिकोण आणि खालचा त्रिकोण एकाच ठेवणीचे आहेत, फक्त लहानमोठे. सहा इंच म्हणजे पाव इंचाच्या किती पट?"

नानाजी शाळेत दोनच वर्षं गेले होते, पण पावकी-निमकी त्यांना तोंडपाठ होती. "चोवीस," ते लगेच म्हणाले.

"म्हणजे वरच्या त्रिकोणाची उंचीही खालच्याच्या चोवीस पट. वरचे चोवीस भाग, खालचा एक, मिळून पंचवीस. आणि गोळ्यापासून काचेपर्यंत अंतर पंचवीसच इंच. मग खालच्या एका भागाला किती आलं?"

नानाजींनी बोटानं एक तिरपी रेघ वरून खाली गिरवली. ते पालथे पडून कागदाकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे सुई काचेले चिकटून असती, तर सावली सरकलीच नसती. जितकी काचेपासून लांब, तितकी जास्त पळते."

"अगदी बरोबर."

"गाडीतूनबी काईतरी असंच दिसत होतं. बाभळी पळत होत्या अन् टेकडी जागच्या जागी."

बबनराव चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. वर्गातल्या चाळीस पोरांपैकी एकालाही हे आजवर सुचलं नव्हतं. "एक इंच," ते म्हणाले. "सुई काचेपासून एक इंचावर आहे. आणि काच तुमच्या अंगाला लागून होती."

डॉक्टरांनी वरच्या चामडीवर जांभळ्या पेन्सिलीनं खूण केली आणि बधिर करायचं इंजेक्शन भरलं. एक सुई काढायला दुसरी घालतात, हे नानाजींना पटलं नाही, पण आता मत देण्यासारखी त्यांची अवस्था नव्हती. तुळसाबाई पडद्याआड स्टुलावर बसल्या. बबनराव फूटपट्टी घेऊन उभे राहिले.

डॉक्टरांनी चिरलं. चिमट्यानं चाचपलं. पट्टीनं मोजलं. "इंच झाला," ते म्हणाले. "सुई नाई."

बबनरावांनी खिशातून कागद काढून सहा भागिले पाव पुन्हा केलं. चोवीसच आले.

"मास्तर," उशीत तोंड खुपसलेले नानाजी म्हणाले, "वजाबाकी चुकली काय?"

"यात वजाबाकी नाहीच, मामाजी."

"मंग तेच चुकलं असंन."

डॉक्टर म्हणाले, "अजून खोल जाऊ काय? पन किती?" बबनरावांनी परकार उघडला आणि मिटला. गणित चुकलेलं नव्हतं, आणि सुई तिथे नव्हती. अशी वेळ त्यांच्यावर फळ्यापाशी कधी आली नव्हती.

तेवढ्यात पडद्याआडून तुळसाबाईंचा आवाज आला. "फोटो काढला तवा हे उताने होते ना?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"सगळा भार त्या काचेवर टाकून निजले होते. यायचा भार मले मालूम हाय. यायनं टेकलं की कापसाची गादी चपाती होते. आता हे पालथे हायेत. दबलेलं फुगून वर आलं असंन. इंच तवाचा होता, आताचा कसा राहीन?"

डॉक्टर बबनरावांकडे पाहू लागले, बबनराव पडद्याकडे. "मामी बरोबर बोलतात," ते सावकाश म्हणाले. "मोजलं ते दबलेलं मांस. आपण चिरतो आहोत ते सुटलेलं."

"मंग जितकं तवा दबलं होतं तितकं आता दाबा," तुळसाबाई म्हणाल्या, जसं काही पिठात पाणी किती घालायचं ते सांगत आहेत. "अन् मंग मोजा."

"माझे दोन्ही हात गुंतले हायेत," डॉक्टर म्हणाले. "दाबनार कोन?"

प्रश्नाचा अर्थ सगळ्यांच्या एकदमच लक्षात आला. नानाजींनी उशीतून मान वर केली. "नाई," ते म्हणाले. "ते होनार नाई. जावाई हायेत ते."

"मामाजी, दुसरं कोणी—"

"लग्नात तुमचे पाय धुतले आमी. अन् आता तुमी..." त्यांनी पुन्हा उशीत तोंड खुपसलं.

"अवो, धरू द्या त्यायले," पडद्याआडून आवाज आला. "का सुई कानाजवळून निघालेली बरी?"

बबनरावांनी साबणानं आणि कार्बोलिकच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले. डॉक्टरांनी उकळत्या पाण्यातून पत्र्याच्या दोन सपाट तबकड्या काढून दिल्या. त्या चिरेच्या दोन बाजूंना ठेवून, डोळे मिटून, बबनरावांनी सासऱ्यांच्या त्या ठिकाणी आपला सगळा भार टाकला.

"कमी पडते," नानाजी उशीतून म्हणाले. "मी याच्याहून भारी हाय."

बबनरावांनी पायांची बोटंही जमिनीवरून उचलली. डॉक्टरांनी बारीक सळई आत घातली आणि पट्टी लावून बसले. पाऊण इंच. एक इंच. त्याच जागी सळईला काहीतरी कडक लागलं आणि अगदी बारीक, धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. तो आवाज चौघांनीही ऐकला. डॉक्टरांनी चिमटा घातला आणि अर्धी सुई काढून तबकात टाकली.

"एक इंच," डॉक्टर म्हणाले. "ना कमी, ना जास्त. मास्तर, आता उतरा खाली."

टाके पडले. मग नानाजींनी विचारलं, "अर्धीच हाय ना? म्हंजे आतमधी काई उरली तर नाई?" तुळसाबाईंनी पदराच्या गाठीतून आपला अर्धा काढला आणि दोन्ही टोकं जुळवून पाहिली. जुळली.

जखम भरेपर्यंत दहा दिवस नानाजी लेकीकडे वाशीमला पालथे राहिले. दिवाळीही त्यांनी तशीच केली. पणत्या त्यांना फक्त बुडाच्या बाजूनं दिसल्या. बबनरावांना सुटी होती. सहाव्या दिवशी अकोल्याहून डॉक्टर मदनसिंगांचं पत्र आलं: मास्तरांनी वाळवी खाल्लेला तक्ता नवा करून दिला तर फार उपकार होतील, सावली कितीही सरको, खोली लगेच सापडली पाहिजे.

बबनराव त्याच दिवशी कामाला लागले. सावली अर्धा इंच सरकली, तर पंचवीस गुणिले अर्धा, भागिले साडेसहा. कागदावर कागद भरले. बाजेवरून नानाजी पाहत होते.

"किती आलं?"

"एक पूर्णांक नऊशे तेवीस सहस्रांश."

"हे डॉक्टरले पट्टीवर दिसंन काय?"

बबनरावांनी मान वर केली.

"हात रक्तानं भरलेले असतात त्यायचे. नऊशे तेवीस कुठं शोधतीन? दोनाले जवभर कमी, असं लिहा."

"जवभर हे काही मोजमाप नाही, मामाजी."

"मी भाजी विकतो, मले सांगता? पुढचं सांगा. सावली अर्धपाव सरकली तर?"

"शून्य पूर्णांक पाचशे दहा."

"अर्ध्याले केसभर जास्त. पुढं?"

"पावाच्या दीडपट सरकली तर एक पूर्णांक चारशे एकाहत्तर."

"दीडाले जराक कमी. लिहा."

बबनराव लिहीत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोघांचं यावर दोन दिवस चाललं. अंजना जेवायला बोलावून थकली. शेवटी तडजोड अशी निघाली, की तक्त्याला दोन रकाने असावेत. डाव्यात मास्तरांचे सहस्रांश, उजव्यात नानाजींचे जव आणि केस. आणि तळाशी, तुळसाबाईंच्या सांगण्यावरून, ठळक अक्षरांत एक ओळ: मोजताना माणूस जसा निजला होता, तसाच दाबून मोजावे.

बबनरावांनी बोरूनं सुबक अक्षरात तो तक्ता काढला, चौकटीत बसवून अकोल्याला धाडला. पोच पंधरा दिवसांनी आली. तक्ता भिंतीवर लावला आहे, डॉक्टरांनी लिहिलं होतं. एका पोराच्या तळव्यातला लोखंडाचा कपचा आणि एका बाईच्या हातातली सुई त्यावरून सापडली, दोन्ही पहिल्याच चिरेत. डाव्या रकान्यातले आकडे फार शास्त्रशुद्ध असल्याचं त्यांनी आवर्जून कळवलं होतं. उजव्या रकान्याला मात्र बोटं लागून लागून आताच काळपट डाग पडले आहेत, तेव्हा शाई जरा पक्की वापरून दुसरी प्रत पाठवता आली तर बरं, असंही होतं.

बबनरावांनी ते पत्र रिठदला जाऊन सासऱ्यांना वाचून दाखवलं, डाव्या रकान्याचं वाक्य जरा सावकाश. नानाजींनी ते उभ्यानं ऐकलं.

"ह्या तिकोनानं," ते म्हणाले, "मळ्यातल्या विहिरीची खोली निघंन काय? दोर न टाकता?"

"निघेल की, मामाजी."

"मंग चला," म्हणत नानाजी पायताण घालायला लागले, आणि तुळसाबाईंनी मास्तरांसाठी टाकलेला चहा चुलीवरच राहिला.